चार वाजून बारा मिनिटांची सही

समजा, आज दुपारी तुम्हाला एकशे बारा माणसांच्या सह्या करायच्या आहेत. त्या माणसांना बोलवायचं नाही, त्यांच्याकडे जायचं नाही, फोनही करायचा नाही. तुमच्यासमोर प्लास्टिकचा चौकोनी डबा आहे. कुठल्याशा दिवाळीत त्यातून काजूकतली आली होती. आता त्यात पेन ड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या एकशे बारा वस्तू आहेत. प्रत्येकीला पांढरी चिठ्ठी चिकटवलेली, चिठ्ठीवर नाव. एक उचला, कॉम्प्युटरला लावा, पासवर्ड टाका. पडद्यावर खूण उमटली की त्या माणसाने सही केली. तो तेव्हा जेवत असेल, झोपला असेल, नाहीतर बायकोशी भांडत असेल. काढा, दुसरी लावा. चहा येईपर्यंत पंधरा-वीस तरी उरकतात.

अपेक्षा घाडीगावकर हे काम नऊ वर्षं करते आहे. दादरला एका सीएच्या ऑफिसात. ती आमच्याच इमारतीत राहते, करी रोडला, तिसऱ्या मजल्यावर, आईबरोबर. वय एकोणचाळीस. वडील, रघुनाथ घाडीगावकर, गिरणीत होते आणि गिरणी गेल्यावर प्रभादेवीला एका सोसायटीत वॉचमन. अपेक्षाने बी.कॉम. केलं आणि बाविसाव्या वर्षी या ऑफिसात लागली, ती अजून तिथेच आहे.

त्या वस्तूला टोकन म्हणतात. आतमध्ये माणसाची डिजिटल सही असते. कंपनीचे सरकारी फॉर्म हल्ली त्याच सहीने भरतात. टोकन ज्याचं त्याने स्वतःजवळ ठेवावं, पासवर्ड कुणाला सांगू नये, असा नियम आहे. पण कंपन्यांचे मालक म्हणजे कोण? मसाले करणारे, बॉक्स बनवणारे, गादीचं कापड विकणारे. ते म्हणतात, "तुमच्याकडेच राहू दे, आम्ही कुठे सांभाळणार?" गावाला जाताना शेजारच्या खोलीत किल्ली ठेवावी तसं. त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. एकशे बारांपैकी नव्वद जणांचा पासवर्ड एकच आहे, एक ते आठ आकडे ओळीने. तोही अपेक्षानेच ठेवलेला.

डब्याच्या जोडीला कॉम्प्युटरवर एक फोल्डर आहे. नाव 'सह्या'. काही कागदांवर, म्हणजे ठराव, पत्रं वगैरेंवर, अजूनही शाईची सही दिसावी लागते. त्यासाठी प्रत्येकाची एक-एक सही स्कॅन करून ठेवली आहे. लागेल तेव्हा उचलायची, चिकटवायची. त्या सह्या आठ-नऊ वर्षांपूर्वीच्या आहेत. दरम्यान कुणाला अर्धांगवायू झाला, कुणाची दृष्टी गेली, कुणी सत्तरीचा ऐंशीला आला. फोल्डरमध्ये कुणाचाच हात थरथरत नाही.

टोकन यायच्या आधी अपेक्षाचं अर्धं काम पायांचं होतं. रेक्झिनच्या बॅगेत फायली भरायच्या आणि निघायचं. आज लालबाग, उद्या गिरगाव, परवा काळबादेवी. कुठे सही करायची तिथे तिने आधीच पेन्सिलने फुली मारलेली असायची. पेन स्वतःचं, काळ्या शाईचं, कारण एक गृहस्थ हिरव्या शाईने सही करायचे आणि कागद परत यायचा. एकजण शनिवारी सही करत नसत. एकजण सहीच्या आधी वर बारीक 'श्री' काढत आणि तो खोडून आणावा लागे. लालबागच्या गंगुबाई, मसाल्याच्या कंपनीच्या मालकीण, सही करताना जीभ दातांत धरत आणि झाल्यावर अपेक्षाला म्हणत, "बघ गो, अक्षर सुधारला की नाय?"

सगळ्यांत जास्त वेळ खाणारं गिऱ्हाईक गिरगावातलं. इग्नेशियस मिरांडा. शाळा-कॉलेजांना कप, ढाली, बिल्ले पुरवायची त्यांची छोटी कंपनी. वाडीत खाली कारखाना, वर घर. डायरेक्टर दोघेच, ते आणि त्यांची बायको मॅग्डलीन.

"इतर ठिकाणी पाच मिनिटं," अपेक्षा मला म्हणाली, "अंकलकडे पाऊण तास. आधी बसवणार. आंटी केक आणणार. मग अंकल चष्मा पुसणार, फूटपट्टी घेणार. ओळीखाली पट्टी धरून वाचायचे रे ते. प्रत्येक पान! मी म्हणायचे, अंकल, नुसतं रूटीन आहे. ते म्हणायचे, बाय, माझं नाव खाली लिवायचं ना, मग वर काय हाय ते बघू दे."

एकदा त्यांनी तिला परत पाठवलं. वार्षिक अहवालात छापलं होतं, तीस सप्टेंबरला सकाळी अकरा वाजता सभा झाली. अशा सभा कुठल्याच घरगुती कंपनीत होत नाहीत. सगळीकडे तीच तारीख, तीच वेळ टाकतात. इग्नेशियसनी पट्टी तिथेच थांबवली. "तीस तारखेला अकरा वाजता मी मॅगीच्या डोळ्याच्या ऑपरेशनला बसलेलो. तारीख बदलून आण, मग देतो सही." ती ऐन दुपारी बसने दादरला आली, पान बदलून परत गिरगावला गेली. मनात शिव्या घालत.

म्हणून टोकन आलं तेव्हा तिला सुटल्यासारखं झालं. हे ती लपवत नाही. "गुडघे वाचले माझे. उन्हातून वणवण वाचली. ऐन फॉर्मच्या गर्दीत, पहिल्याच ऑक्टोबरात, मी सहा वाजता घरी. आई म्हणाली, काढून टाकल्यानी की काय तुका?"

गिरगावला तिचं जाणं हळूहळू बंद झालं. सुरुवातीला अंकल फोन करायचे. मग तेही कमी झालं. कागद व्हॉट्सॲपवर जायचे, उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र यायचं, किंवा काहीच यायचं नाही. काहीच आलं नाही म्हणजे हो, हेही हळूहळू ठरून गेलं. मिरांडांच्या सह्या ती वर्षाला दहा-बारा वेळा करत होती. मिरांडांना तिने चार वर्षांत पाहिलं नव्हतं.

गेल्या वर्षी मॅग्डलीन आंटी वारल्या. कंपनीत दोन डायरेक्टर लागतात, उरले एकटे इग्नेशियस. त्यांनाही तोपर्यंत एक झटका येऊन गेला होता, उजवा हात धड चालत नव्हता. मुलगी मेलानी शाळेत गणित शिकवते. तिला डायरेक्टर करायचं ठरलं. म्हणजे मेलानीने फोनवर तसं सांगितलं. ऑक्टोबरातला सोमवार होता. अपेक्षाने ठरावाचा मसुदा केला. दुसऱ्या एका कंपनीचा तयार होता, त्यातली नावं बदलली आणि मेलानीला पाठवला. सोबत लिहिलं, "अंकलना वाचायला दे. बुधवारी करून टाकते." उत्तरात अंगठा आला.

बुधवारी ऑफिसात मान वर करायला फुरसत नव्हती. तिने ठरावावर फोल्डरमधली सही चिकटवली. मग फॉर्म उघडला, डब्यातून 'मिरांडा आय.' काढलं, लावलं, एक ते आठ आकडे दाबले. खूण उमटली. सहीच्या चौकटीत नाव, तारीख आणि वेळ येते. चार वाजून बारा मिनिटं. मेलानीचं स्वतःचं टोकन कुरिअरने यायचं होतं, तिची सही बाकी होती. म्हणून फॉर्म पुढे न पाठवता तिने तो ठेवून दिला आणि पुढचं टोकन उचललं.

सहाच्या सुमारास मेसेज आला. मिरांडांच्या ओळखीच्या सगळ्यांना गेलेला, तसाच तिलाही. 'आमचे प्रिय डॅडी आज दुपारी पावणेदोन वाजता...' पुढे चर्चचं नाव, अंत्यविधीची वेळ.

तिने मेसेज दोनदा वाचला. मग फॉर्म उघडला आणि चौकट बघितली. पुन्हा मेसेज बघितला.

"वजाबाकी केली मी," ती म्हणाली. "दोन तास सत्तावीस मिनिटं. का केली कुणास ठाऊक. एक मिनिट असतं तरी काय फरक होता?"

त्या रात्री जेवण गेलं नाही. आईने विचारलं, "काय झाला गो तुका?" तर म्हणाली, "एक अंकल वारले." आई म्हणाली, "मगे जाऊन ये." इतकं सोपं होतं ते. पण गुरुवारी अंत्यविधी आणि गुरुवारीच सात फॉर्मची मुदत, त्यामुळे ती गेली नाही.

गुरुवारी सकाळी तिने हितेंद्र सरांना सांगितलं. सीए ते. पन्नाशीचे, कामाला वाघ, स्वभावाने वाईट म्हणता येणार नाही असे. त्यांनी कपाळाला हात लावला, दोन मिनिटं मिरांडांबद्दल चांगलं बोलले, मग खुर्ची तिच्या टेबलाशी ओढली.

"फॉर्म गेला का पुढे?"

"नाही सर. मेलानीची सही बाकी आहे."

"मग काय टेन्शन आहे? कॉम्प्युटरचं घड्याळ मागे घे. बुधवार, सकाळी अकरा. परत लाव सही."

यात मला थोडं स्पष्ट करावं लागेल, कारण माझं कामच कॉम्प्युटरच्या क्षेत्रातलं आहे. डिजिटल सही खोटी करणं जवळपास अशक्य आहे, हे खरं. तिच्यामागचं गणित मोडायला जगातले कॉम्प्युटर पुरायचे नाहीत. पण अशा फॉर्मवर सहीशेजारी जी वेळ उमटते ती बऱ्याचदा समोरच्या कॉम्प्युटरच्या घड्याळातून येते. आणि ते घड्याळ कुणीही, दोन क्लिकमध्ये, हवं तिथे नेऊ शकतो. कुलूप पोलादी, पण चौकटीला खिळे नाहीत.

"सर, ते वारलेले होते."

"अकराला नव्हते ना?"

"अकराला मी सही केली नव्हती ना."

"अगं, मी काय खून करायला सांगतोय? त्यांची इच्छा होती, मुलीला मिळतंय, कुणाचं एका पैचं नुकसान नाही. नाही केलं तर कंपनीत एकही डायरेक्टर उरत नाही. बँक हात वर करणार. त्या पोरीने काय करायचं?"

हे सगळं खरं होतं. म्हणूनच तिला बसवेना. ती म्हणाली, "मी मेलानीशी बोलून येते." सर म्हणाले, "शनिवारी जा. आणि रडत बसू नकोस तिथे, टोकनची कुरिअर पावती घेऊन ये."

दोन दिवस ती नुसती फिरत होती. आमच्या मजल्यावरच्या गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत. समोर टॉवरचं काम चालू असतं, तिकडे बघत उभी राहायची, परत चालायला लागायची. माझ्याशी या विषयावर ती पहिल्यांदा बोलली ती तेव्हाच. "ए, घड्याळ मागे घेतलं तर कळतं का रे कुणाला?" मी म्हणालो, सहसा नाही. ती "बरं" म्हणाली आणि पुन्हा चालायला लागली. मला वाटलं होतं तिला दिलासा मिळेल. तसं दिसलं नाही.

शनिवारी दुपारी ती गिरगावात वाडीत गेली. कारखान्याचं दार अर्धं उघडं होतं, आत एक कारागीर पितळेच्या कपाला पॉलिश करत बसला होता. वर मेलानीने दार उघडलं.

"अपेक्षा! ये ना. किती वर्षांनी गं?" काळा ड्रेस, डोळे सुजलेले. "डॅडी विचारायचे. ती मुलगी लग्न करून गेली काय? येत नाही हल्ली. मी म्हणायचे, डॅडी, आता सगळं ऑनलाइन असतं."

"मग?"

"मग काय. म्हणायचे, ऑनलाइन लगीन झालं काय तिचं?"

दोघी हसल्या. मेलानीने चहा केला. अपेक्षाने कप हातात धरून सांगून टाकलं. चार वाजून बारा मिनिटं.

मेलानीला समजायला थोडा वेळ लागला. "म्हणजे तू सही केलीस तेव्हा..."

"हो."

"आम्ही त्यांना आंघोळ घालत होतो." मेलानी एकदम नाकातून हसली. "आयुष्यभर मम्मी ओरडली, इग्गी, कधी वेळेवर काम करशील. बघ, केलं. गेल्यावर केलं."

"सर म्हणतात, घड्याळ मागे घेऊन परत करू."

"मग कर ना."

मेलानी उठली, आतल्या खोलीतून प्लास्टिकचं फोल्डर घेऊन आली. "त्यांच्या उशाशी होतं. तुमच्या ऑफिसचे पेपर आहेत, तूच बघ काय लागतं ते. टोकनची पावतीही त्यात टाकलीये."

फोल्डरमध्ये वर पावती होती आणि खाली तिने पाठवलेला मसुदा, कागदावर छापलेला. मेलानीने शाळेतल्या प्रिंटरवर काढून वडिलांना दिला होता. त्यावर पेन्सिलचा गोल होता. डाव्या हाताने काढलेला असणार. एका बाजूला सुरू होऊन दुसरीकडे घसरलेला, पुरता बंद न झालेला. गोलात ठरावाच्या दोन ओळी अडकल्या होत्या. वरच्या ओळीत मेलानीचं नाव. खालच्या ओळीत लिहिलं होतं की ती कंपनीचं काम पूर्ण वेळ बघेल. बाजूच्या मोकळ्या जागेत इंग्रजीत, पहिलीतल्या मुलासारख्या अक्षरात, 'अपेक्षा' आणि पुढे एक आडवी रेघ.

'पूर्ण वेळ' हे शब्द अपेक्षाचे नव्हते. ज्या कंपनीचा मसुदा तिने उचलला होता, त्यातले राहून गेले होते. तिने वाचले नव्हते. मेलानीने वाचले नव्हते. ज्यांच्या नावाने सही झाली त्यांनी मात्र वाचले होते.

"हे कधी केलं त्यांनी?"

मेलानीने वाकून बघितलं. "मंगळवारी असेल. मला काय माहीत, मी शाळेत होते. ते पेपरातसुद्धा गोल काढायचे गं. इलेक्शनच्या बातमीला, सेलच्या जाहिरातीला. त्याचं काही नसतं."

"माझं नाव लिहिलंय."

"तू येशील असं वाटायचं ना त्यांना. पेपर बघितला की त्यांच्या डोक्यात तू यायचीस."

"मेलानी, ते तुला हो म्हणाले होते ना? डायरेक्टर व्हायला?"

"नाही कशाला म्हणतील?"

"म्हणाले होते का?"

मेलानीने कप बशीत ठेवला. "मी सांगितलं त्यांना, डॅडी, मला करावं लागेल, दुसरं कोण आहे? ते म्हणाले, बघू, पेपर येऊ दे."

खालून पॉलिशच्या यंत्राची घरघर येत होती. अपेक्षा म्हणाली, "मला नाही जमणार घड्याळ मागे घ्यायला."

"का?"

"ते 'बघू' म्हणाले होते."

आणि मग मेलानी जे बोलली ते अपेक्षाने मला शब्दन्‌शब्द सांगितलं, दोनदा सांगितलं, माझ्याकडे न बघता.

"नऊ वर्षं तू डॅडींच्या सह्या करतेयस. एकदा तरी विचारलंस, अंकल, करू का? इन्कम टॅक्सला केल्यास, बँकेला केल्यास, मम्मी गेली तेव्हा तिचं नाव काढायच्या फॉर्मवर केलीस. तेव्हा आलीस इथे? आणि आज आम्हाला गरज आहे, डिसेंबरात सगळ्या शाळांचे स्पोर्ट्स डे आहेत, खाली चार माणसं बसलीत, आणि आज तुला देव आठवला? तुझं सोवळं आमच्या खर्चाने कशाला गं?"

अपेक्षाने पर्समधून टोकन काढलं, 'मिरांडा आय.' चिठ्ठीसकट, आणि टेबलावर ठेवलं. माणूस गेला की ते वापरायचं नाही, एवढा एकच नियम तिला त्या क्षणी धड आठवत होता. मसुद्याच्या पानाचा फोनवर फोटो काढू का, असं विचारलं. मेलानी म्हणाली, "काढ, तुझंच नाव आहे त्यावर," आणि तोंड फिरवून खिडकीशी गेली.

सोमवारी तिने चार वाजून बारा मिनिटांचा फॉर्म सरांसमोर डिलीट केला. ठरावही. 'सह्या' फोल्डरमधली इग्नेशियस मिरांडांची सहीही. सर ओरडले नाहीत. "तुला बरं वाटलं ना? झालं तर," इतकंच म्हणाले, आणि आठवडाभर तिच्याशी कामापुरतं बोलले. मेलानीने कागदपत्रं दुसऱ्या ऑफिसात नेली. वारसाचा लांबचा रस्ता होता, मृत्यूचा दाखला, मृत्युपत्र, शेअर तिच्या नावावर, मग भागधारक म्हणून तिनेच डायरेक्टर नेमायचे. मार्च उजाडला. तोवर शाळांचे कप दुसऱ्या कुणीतरी पुरवले आणि चारातले दोन कारागीर भाईंदरला गेले. हे अपेक्षाला त्यातल्याच एका कारागिराकडून कळलं. तिने मेलानीला मेसेज केला होता, नाताळला आणि परत मार्चमध्ये. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही.

आपण बरोबर केलं का, हे ती मला विचारत नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. मृत माणसाच्या सहीने फॉर्म पाठवणं चूक, हे कुणीही सांगेल. पण मेलानीने विचारलेलं त्यापेक्षा अवघड आहे, आणि ते खोडून काढायला अपेक्षाने नंतर जे सुरू केलं त्याने ऑफिस हैराण झालं.

ती फोन करायला लागली. डब्यातलं टोकन उचलायच्या आधी, दर वेळी, प्रत्येकाला.

"नमस्कार, अपेक्षा बोलतेय. वार्षिक फॉर्म आहे, वाचून दाखवू का? सही करू?"

पहिल्या दिवशी अकरा फोन केले आणि चार फॉर्म झाले. गंगुबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काय गो, मी मेलंय की जितां हां ता बघतंस?" अपेक्षा म्हणाली, "तसं नाय, आजी." "मगे कसा?" गंगुबाई म्हणाल्या, आणि हसत सुटल्या. "कर, कर. पण उद्या परत फोन कर हां. कोण नाय करूक फोन."

उन्मेष नावाचा एक तरुण आहे, ॲप बनवायची कंपनी काढलेला. तो चिडला. "ताई, तू ओटीपी आहेस का? दर वेळी काय विचारतेस? दिलंय ना टोकन तुला!" हितेंद्र सर केबिनमधून म्हणायचे, "अपेक्षा, ऑफिस आहे हे. हॉस्पिटलात चौकशीच्या खिडकीवर बसलीयस का?"

पण दोनजण "थांब" म्हणाले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. एकाने भावाला कंपनीतून काढायचा फॉर्म थांबवला, म्हणाला, काल आम्ही परत बोलायला लागलो. दुसऱ्याला माहीतच नव्हतं की आपण अजून त्या कंपनीत डायरेक्टर आहोत. ती हे मला सांगत होती तेव्हा तिचा चेहरा उजळला नव्हता. ती मागे मोजत होती. वर्षाला हजारभर सह्या धरल्या तर नऊ वर्षांच्या किती.

कागद घेऊन फिरायची तेव्हा कुणी ना कुणी नाही म्हणायचंच. शनिवार आहे म्हणून, तारीख चुकलीय म्हणून, आज मूड नाही म्हणून. डब्यातून कधीच 'नाही' आलं नव्हतं. हे तिच्या आत्ता लक्षात येतंय आणि त्यामुळे तिला स्वस्थ बसवत नाही. परवा रविवारी ती पुन्हा गॅलरीत फिरत होती. मला हाक मारली. "ए कॉम्प्युटरवाल्या, हे बघ." फोनमध्ये तो फोटो होता. तिने बोटांनी तो मोठा केला, इतका की पेन्सिलचे कण दिसायला लागले.

"गोल कुठून सुरू केलाय, सांगता येईल का तुला? वरच्या ओळीपासून की खालच्या?"

मी बराच वेळ बघितलं. टॅबलेटवर सही केली असती तर हात कुठे टेकला, कुठे थांबला, किती जोर दिला, सगळं मशीनमध्ये राहिलं असतं. कागदाच्या फोटोवरून मला सांगता येईना.

"खालून असेल तर ते 'पूर्ण वेळ'चं विचारत असतील," ती म्हणाली. "चूक पकडली असेल माझी, नेहमीसारखी. मी पान बदललं असतं, त्यांनी सही केली असती. वरून असेल तर मग मेलानीच्या नावावर गोल आहे. म्हणजे तिला यात अडकवायचं नव्हतं? की ती एकटी पडेल, मी मदत करीन का, असं काही? की शाळा सोडू देऊ नको तिला, असं? की नुसतंच, अपेक्षा आली की बघू?"

समोरच्या टॉवरवरची क्रेन थांबली होती, रविवार होता. आतून तिची आई जेवायला बोलवत होती. तिने फोटो पुन्हा लहान केला, पुन्हा मोठा केला, आणि माझ्याकडे बघून, जणू मला खरंच माहीत असेल अशा आवाजात, विचारलं,

"माझ्या नावापुढे ती रेघ ओढलीये ना, तिच्यापुढे ते काय लिहिणार होते रे?"